सिकुली: सिसिलीला नाव देणारे लोक कोण होते आणि कुठून आले? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिसिली म्हटलं की लोकांना ग्रीक मंदिरं आठवतात, कार्थेजशी झालेल्या लढाया आठवतात, एटना ज्वालामुखी आठवतो. ज्या लोकांच्या नावावरून या बेटाला त्याचं आजचं नाव मिळालं ते मात्र बहुतेक पुस्तकांत दोन ओळींत आटोपतात. हे मला कायम खटकत आलं आहे. म्हणून त्यांच्याबद्दल पुन्हा पुन्हा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे उत्तर लांबलं आहे.

सिकुली म्हणजे नेमके कोण?

ग्रीक वसाहती उभ्या राहण्याआधीपासून सिसिलीच्या पूर्व भागात राहणारे लोक. लॅटिनमध्ये त्यांना सिकुली म्हणत, एकवचनी सिकुलस. ग्रीकांच्या तोंडी तेच नाव सिकेलोई, एकवचनी सिकेलोस. बेटाच्या मधल्या आणि पश्चिमेकडच्या भागात सिकानी आणि अगदी वायव्य टोकाला एलिमी असे आणखी दोन समाज होते. तिघांनाही ग्रीक 'बार्बारोई', म्हणजे परभाषक, म्हणत. पण बेटाला नाव चिकटलं ते पूर्वेकडच्यांचं, कारण ग्रीकांची पहिली गाठ पूर्व किनाऱ्यावर पडली ती त्यांच्याशीच.

ग्रीकमध्ये 'सिकेलोस', मग लॅटिनमध्ये 'सिकुलस' कसं झालं? आणि बेटाच्या नावात परत 'इ' कुठून आला?

प्रश्न किरकोळ वाटतो, पण उत्तर सुरेख आहे. जुन्या लॅटिनमध्ये शब्दाच्या मधल्या अक्षरातला ऱ्हस्व स्वर झिजत गेला. तो झिजून काय होणार हे पुढच्या व्यंजनावर ठरत असे. पुढे 'ल' असेल आणि त्या 'ल'नंतर 'इ' नसेल, तर स्वराचा 'उ' व्हायचा. 'ल'नंतर 'इ' असेल तर त्याचा 'इ' व्हायचा. म्हणून माणूस सिकुलस, पण बेट सिकिलिया. हाच प्रकार लॅटिनमध्ये इतरत्रही दिसतो. घरचा नोकर 'फामुलस', पण घरातली सगळी माणसं मिळून 'फामिलिया'. सारखा या अर्थी 'सिमिलिस', पण नक्कल करतो या अर्थी 'सिमुलो'.

स्वरांची ही झीज लॅटिनमध्ये साधारण इ.स.पू. सहाव्या-पाचव्या शतकांत झाली असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. त्या झिजेतून हे नाव गेलेलं दिसतं, म्हणजे रोमन सैन्याने सिसिलीत पाऊल ठेवण्याच्या कितीतरी आधीपासून ते लॅटिन बोलणाऱ्यांच्या तोंडी रुळलेलं असावं.

उच्चाराचं म्हणाल तर रोमन वक्ता सिसेरो याच्या काळात बेटाचं नाव 'सिकिलिया' असंच उच्चारलं जाई. 'क'चा 'स' किंवा 'च' ही पुढच्या काळातली घडामोड. म्हणून मराठीत लोकांचं नाव सिकुली आणि बेटाचं सिसिली असं लिहिताना दोन्ही नावं वेगळ्या मुळांची वाटतात. मूळ एकच आहे.

सिकुली, सिकेलिओत, सिकिलिएन्सिस: यांत फरक काय?

ग्रीक लेखक हा फरक काटेकोरपणे पाळत. सिकेलोई म्हणजे मूळचे रहिवासी, आणि सिकेलिओताई म्हणजे सिसिलीत येऊन वसलेले ग्रीक. पेलोपोनेशियन युद्धाचा इतिहास लिहिणाऱ्या थ्युसिडिडीसने दोघांची कधीच गल्लत केली नाही.

लॅटिनने हा भेद टिकवला नाही. इ.स.पू. २४१ मध्ये सिसिलीचा मोठा भाग रोमच्या ताब्यात आला आणि तो रोमचा इटलीबाहेरचा पहिला प्रांत ठरला. तोपर्यंत बेटावर ग्रीक भाषा पसरली होती आणि जुन्या समाजांच्या सीमा पुसट झाल्या होत्या. रोमनांनी मग बेटावरच्या सगळ्याच स्थानिकांना सरसकट सिकुली म्हणायला सुरुवात केली. इ.स.पू. ७० मध्ये सिसेरोने वेरेस या लुटारू सुभेदाराविरुद्ध खटला चालवला. त्या भाषणांतले सिकुली हे बहुतेक ग्रीक बोलणारे, ग्रीक नावांचे नागरिक आहेत. 'सिकिलिएन्सिस' हे नुसतं 'सिसिलीचं, सिसिलीतलं' अशा अर्थाचं विशेषण.

आपल्याकडे 'यवन' शब्दाचं जे झालं तेच इथे झालं. आयोनियन ग्रीकांचं हे नाव आधी सगळ्या ग्रीकांना लागलं, कार्ल्याच्या लेण्यांतल्या दानलेखांत ते दात्यांच्या नावांपुढे आलं आणि बखरींच्या काळात भलत्याच लोकांना लागू झालं. नाव चालत राहिलं, त्यामागची माणसं बदलत गेली. सिकुलींबद्दलचा जवळजवळ प्रत्येक गोंधळ इथूनच सुरू होतो. एखाद्या मजकुरात 'सिकुली' वाचलंत तर आधी पाहा, तो मजकूर ग्रीक आहे की लॅटिन, आणि कोणत्या शतकातला.

मध्ययुगीन लॅटिन कागदपत्रांत ट्रान्सिल्व्हेनियात सिकुली भेटतात. ते हेच का?

नाही. हंगेरियन बोलणाऱ्या सेकेय समाजाला मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'सिकुली' म्हणत. नाव जुळतं, बाकी काहीच जुळत नाही. वनस्पती आणि प्राण्यांच्या शास्त्रीय नावांतला 'सिकुलस' किंवा 'सिकुलम' एवढंच सांगतो की त्या जातीचा सिसिलीशी संबंध आहे.

नावाचा अर्थ काय?

सर्वमान्य व्युत्पत्ती नाही. प्राचीन लेखकांनी रिवाजाप्रमाणे सिकेलोस नावाचा एक राजा उभा केला आणि त्याच्यावरून लोकांचं नाव पडलं असं सांगितलं. विळ्यासाठी असलेल्या लॅटिन शब्दाशीही काहींनी नातं जोडलं आहे. सिकानी आणि सिकुली या दोन्ही नावांत 'सिक' हा भाग सारखा आहे, तेव्हा एकाच मुळाला दोन वेगळे प्रत्यय लागले असावेत, ही शक्यता मला त्या राजाच्या गोष्टीपेक्षा जास्त पटते.

ते कुठून आले, याबद्दल जुने लेखक काय सांगतात?

इथे थोडं थांबावं लागेल, कारण 'ते इटलीतून आले' या एका वाक्यात पाच-सहा वेगवेगळ्या कथा दडल्या आहेत.

सगळ्यात जास्त उद्धृत होतो तो थ्युसिडिडीस. अथेन्सने इ.स.पू. ४१५ मध्ये सिसिलीवर प्रचंड आरमार पाठवलं. त्या मोहिमेची हकिगत सुरू करण्याआधी, आपल्या इतिहासाच्या सहाव्या भागात, तो बेटावर कोण कोण राहतं ते क्रमाने सांगतो. सिकुली इटलीत राहत होते. ओपिकी लोकांच्या दबावामुळे ते तिथून निघाले आणि, सांगतात त्याप्रमाणे, तराफ्यांवर बसून, वारा अनुकूल होईपर्यंत वाट पाहून, सामुद्रधुनी ओलांडून आले. इटली हे नावही इटालोस या सिकुलींच्याच राजावरून पडलं, असं तो म्हणतो. त्यांनी लढाईत सिकानींना हरवलं, त्यांना दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे रेटलं आणि बेटाचं सिकानिया हे जुनं नाव जाऊन सिकेलिया झालं. हे सगळं ग्रीक येण्याच्या जवळपास ३०० वर्षं आधी घडलं. पहिली ग्रीक वसाहत नॅक्सोस इ.स.पू. ७३४ मधली, म्हणजे त्याच्या हिशेबाने सिकुली साधारण इ.स.पू. १०३० च्या आसपास आले.

थ्युसिडिडीसचं मला आवडतं ते हे की तराफ्यांची गोष्ट तो 'शक्य आहे आणि लोक तसं सांगतात' अशा बेताने मांडतो, आणि ते आणखी कुठल्या मार्गानेही आले असतील अशी वाट मोकळी ठेवतो. मेसिनाची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी सुमारे ३ किलोमीटर रुंद आहे. पलीकडचा किनारा डोळ्यांना दिसतो, पण प्रवाह खट्याळ आहे. वाऱ्याची वाट पाहत थांबलेले लोक हा तपशील ज्याला ते पाणी माहीत आहे त्याच्याकडूनच आलेला असणार.

आता इतरांचं ऐका. हे मुख्यतः ऑगस्टसच्या काळात रोममध्ये बसून लिहिणाऱ्या हॅलिकार्नाससच्या डायोनिसियसमुळे आपल्यापर्यंत पोचलं. ग्रीक इतिहासकार हेलॅनिकस म्हणतो की ट्रॉयच्या युद्धाच्या तीन पिढ्या आधी दोन तुकड्या आल्या. आधी ओएनोट्रियनांनी हुसकलेले एलिमी आले. पाच वर्षांनी इआपिगियनांपासून पळालेले ऑसोनियन आले, आणि त्यांच्या राजाचं नाव सिकेलोस होतं. फिलिस्टस हा सिराक्यूजचाच. तो म्हणतो की ही घटना ट्रॉयच्या युद्धाच्या ८० वर्षं आधीची आणि आलेले लोक लिगुरियन होते. अँटिओकसही सिराक्यूजचा, थ्युसिडिडीसच्या थोडा आधीचा. त्याची गोष्ट तर थेट रोमपर्यंत जाते. इटालोसनंतर मोर्गेस नावाचा राजा होता. त्याच्याकडे रोममधून परागंदा झालेला सिकेलोस नावाचा माणूस आला आणि त्याच्यामुळे लोकांत फूट पडली, असं तो सांगतो.

खुद्द डायोनिसियसचं मत असं की पुढे रोम जिथे उभं राहिलं त्या भूमीचे पहिले ज्ञात रहिवासी सिकुलीच, आणि त्यांना तिथून पेलास्जियन आणि अबोरिजिनी या दोन प्राचीन जमातींनी मिळून हुसकलं. रोमन पंडित वारो यानेही आपल्या जुन्या वार्षिक नोंदींचा हवाला देऊन सिकुलींचं मूळ रोमशी जोडलं आहे. रोमन लेखक प्लिनी तर इटलीच्या एड्रियाटिक किनाऱ्यावर, पिकेनुमच्या बाजूला, एकेकाळी सिकुली होते असं नोंदवतो.

ट्रॉयचं युद्ध प्राचीनांच्या रूढ गणनेप्रमाणे इ.स.पू. ११८४ ला संपतं. म्हणजे फिलिस्टसच्या आणि थ्युसिडिडीसच्या तारखांत २०० वर्षांहून अधिक अंतर पडतं. लोक कोण, त्यांना कोणी हाकललं, ते कोणत्या भागातून आले, यांतल्या एकाही मुद्द्यावर हे लेखक एकमताने बोलत नाहीत. एकमत फक्त दिशेवर आहे: इटलीच्या मुख्य भूमीवरून बेटाकडे.

मग पुरातत्त्व काय म्हणतं? खरंच कोणी आलं होतं का?

आलं होतं. पण एका राजामागे, एका हंगामात, अख्खी जमात आली असं चित्र मातीतून निघत नाही.

सर्वांत स्पष्ट पुरावा सिसिलीच्या उत्तरेला असलेल्या लिपारी बेटावरचा आहे. तिथल्या किल्ल्याच्या टेकडीवर इटालियन पुरातत्त्वज्ञ लुइजी बेर्नाबो ब्रेआ यांनी थरावर थर उलगडत उत्खनन केलं. मध्य कांस्ययुगातलं गाव नष्ट झालेलं दिसतं. त्याच्यावर, साधारण इ.स.पू. तेराव्या शतकात, वेगळ्याच धाटणीची भांडी वापरणाऱ्यांची वस्ती उभी राहते. ही भांडी इटलीच्या मुख्य भूमीवरच्या भांड्यांची सख्खी भावंडं आहेत. डायोडोरस या ग्रीक इतिहासकाराच्या ग्रंथात ऑसोनचा मुलगा लिपारस याची कथा आहे. तिच्यावरून बेर्नाबो ब्रेआ यांनी या थरांना ऑसोनियन हे नाव दिलं. त्यावर पुढे उभ्या राहिलेल्या दुसऱ्या ऑसोनियन वस्तीचाही शेवट आगीने झाला.

सिसिलीच्या मुख्य बेटावरही खुणा आहेत, पण विखुरलेल्या. मिलाझ्झोला मृतांना जाळून अस्थी कलशात ठेवलेलं दफनक्षेत्र सापडलं. ही इटलीकडची पद्धत. ग्रामिकेलेजवळ मोलिनो देल्ला बादिया इथे खड्ड्यात पुरलेले मृत आहेत आणि त्यांची जातकुळी कॅलाब्रियातल्या दफनांशी जुळते. मोर्गांतिनाच्या टेकडीवर लांबट घरांची वस्ती होती आणि तिथली भांडीही ऑसोनियन वळणाची.

म्हणजे मुख्य भूमीवरून माणसं आली, त्यांच्याबरोबर सवयी आल्या, काही ठिकाणी वस्त्या जळाल्या. पण हे दोन-अडीच शतकं, लाटांनी, वेगवेगळ्या वाटांनी चाललं. फिलिस्टसची तारीख आणि थ्युसिडिडीसची तारीख, दोन्ही या पट्ट्याच्या दोन टोकांशी येतात, ही गोष्ट मला विलक्षण वाटते. कदाचित दोघांनीही खऱ्याच आठवणी ऐकल्या, फक्त वेगवेगळ्या लाटांच्या.

पँटालिकाच्या गुहा सिकुलींच्याच ना?

पर्यटन पुस्तिकांत तसं बिनदिक्कत लिहिलेलं असतं. पँटालिका सिराक्यूजच्या आतल्या बाजूला, अनापो आणि काल्चिनारा नद्यांच्या खोल दऱ्यांमधलं चुनखडीचं पठार आहे. त्याच्या कड्यांत ५,००० हून अधिक थडगी कोरलेली आहेत, बहुतेक इ.स.पू. तेराव्या ते सातव्या शतकांतली. समोरच्या काठावरून पाहिलं की अख्ख्या कड्याला चौकोनी भोकं पाडल्यासारखी दिसतात. प्रत्येक भोकामागे एक छोटी खोली असते, आणि आत एकाच घरातली माणसं पिढ्यानपिढ्या ठेवली जात. माथ्यावर मोठाल्या दगडांत बांधलेल्या एका इमारतीचा पाया आहे. तिला आनाक्तोरोन, म्हणजे राजवाडा, म्हणतात. २००५ मध्ये सिराक्यूज आणि पँटालिका यांची मिळून युनेस्कोच्या जागतिक वारशात नोंद झाली.

अडचण अशी की खडकात खोली कोरून दफन करण्याची पद्धत सिसिलीत त्याच्याही कितीतरी शतकं आधीपासून चालत आली होती. पँटालिकाचे लोक तीच जुनी स्थानिक परंपरा पुढे नेताना दिसतात. इटलीहून आलेल्यांच्या खुणा शोधायच्या तर त्या मिलाझ्झोला किंवा ग्रामिकेलेला. मग पँटालिका सिकानींचं म्हणायचं का? काहींनी म्हटलंही आहे.

हा घोळ काही अंशी पाओलो ओर्सी यांच्या नामकरणामुळेही झाला. १८८८ मध्ये सिराक्यूजला आलेला हा माणूस सिसिलीच्या पूर्वेतिहासाचा खरा पाया घालणारा. त्यांनी बेटाच्या सगळ्या ग्रीकपूर्व काळालाच 'सिकुलींचा पहिला कालखंड, दुसरा कालखंड' अशी नावं दिली. त्या काळी ती सोयीची होती. पण त्यामुळे थ्युसिडिडीसचे सिकुली बेटावर यायच्या हजार वर्षं आधीच्या भांड्यांवरही 'सिकुली' अशी चिठ्ठी लागली. ओर्सींच्या कामाबद्दल मला नितांत आदर आहे, पण ही नावं आता मागे पडली ते बरंच झालं.

इजिप्तच्या शिलालेखांतले शेकेलेश म्हणजे सिकुली का?

कार्नाकच्या भिंतीवर फारो मेर्नेप्ताहने इ.स.पू. १२०८ च्या सुमाराच्या लढाईचं वर्णन कोरून घेतलं. लिबियनांबरोबर चालून आलेल्या समुद्री टोळ्यांत त्यात शेकेलेश हे नाव येतं. पुढे तिसऱ्या रामसेसच्या मेदिनेत हाबू इथल्या लेखातही ते पुन्हा दिसतं. याच काळात सीरियाच्या किनाऱ्यावरच्या उगारीत या नगराला आलेल्या एका हित्ती पत्रात 'जहाजांवर राहणाऱ्या' शिकिला लोकांचा उल्लेख आहे.

नादसाम्य कान टवकारायला लावणारं आहे, आणि काळही ऑसोनियन वस्तीच्या काळाच्या आसपासचा. तरी यावर इमारत उभी करू नये. ते टोळीवाले सिसिलीहून निघाले होते, की पुढे जाऊन सिसिलीत स्थिरावले, की यांतलं काहीच नाही, हे ते लेख सांगत नाहीत. आवाज जुळला म्हणजे लोक जुळले असं होत नाही, हे ट्रान्सिल्व्हेनियाच्या उदाहरणावरून आपण पाहिलंच.

होमरमध्ये त्यांचा उल्लेख आहे का?

आहे, ओडिसीमध्ये. ओडिसियसच्या म्हाताऱ्या बापाची, लाएर्तेसची, देखभाल करणारी वृद्ध दासी सिकेल, म्हणजे सिकुली समाजातली, आहे. दुसऱ्या एका ठिकाणी पेनेलोपीच्या घरात ठाण मांडून बसलेले लोक म्हणतात की या पाहुण्यांना सिकेलांकडे पाठवून विकून टाकू. म्हणजे ग्रीक श्रोत्यांना हे नाव गुलामांच्या खरेदी-विक्रीच्या संदर्भात ओळखीचं होतं. इतिहासात एखाद्या समाजाचा प्रवेश असा व्हावा हे वाचताना त्रास होतो.

सिकानी आणि एलिमी यांचं मूळ वेगळं होतं का?

सिकानी स्वतःला भूमिपुत्र म्हणवत. थ्युसिडिडीसला ते मान्य नव्हतं. लिगुरियनांनी हुसकलेले ते इबेरियन होत, असं तो म्हणतो. तिमेयस या इतिहासकाराने मात्र ते मूळचेच असल्याची बाजू लावून धरली. एटनाच्या उद्रेकांना भिऊन ते पश्चिमेकडे सरकले आणि मग मोकळ्या झालेल्या भागात सिकुली आले, अशी आणखी एक कथा डायोडोरस देतो.

एलिमी लोकांची सेगेस्ता आणि एरिक्स ही मुख्य गावं. ते स्वतःला ट्रॉयहून पळून आलेल्यांचे वंशज सांगत. रोमनही आपलं मूळ ट्रॉयशी जोडत, त्यामुळे पुढे सेगेस्ताला या नात्याचा चांगला उपयोग झाला.

ते कोणती भाषा बोलत?

इंडो-युरोपीय कुळातली. लॅटिन आणि दक्षिण इटलीतली ऑस्कन ज्या गटात येतात, त्या इटालिक गटाशी तिची जवळीक बहुतेक अभ्यासक मानतात. लेख मोजकेच सापडले आहेत, ग्रीकांकडून घेतलेल्या लिपीत, शब्दांमध्ये जागा न सोडता लिहिलेले. सर्वांत प्रसिद्ध लेख चेंतुरिपेच्या एका मातीच्या भांड्यावर आहे. ते भांडं आज जर्मनीत कार्ल्सरूहच्या संग्रहालयात आहे. अक्षरं वाचता येतात, पण शब्द कुठे तोडायचे यावर अजून वाद आहेत. आद्रानोजवळ मेंदोलितोच्या नगरद्वारावर कोरलेल्या लेखात समुदाय या अर्थाच्या ऑस्कन शब्दाशी जुळणारा शब्द आहे.

मराठी वाचकाला एक शब्द चटकन भिडेल. एका सिकेल लेखात 'पिबे' असं रूप वाचलं गेलं आहे, आज्ञार्थी, म्हणजे 'पी'. संस्कृतमध्ये 'पिब', लॅटिनमध्ये 'बिबे'. भूमध्य समुद्रातल्या बेटावरच्या भांड्याचा हा आग्रह आणि आपलं 'पिणे' एकाच मुळातून आले आहेत.

याखेरीज प्राचीन लेखकांनी जपून ठेवलेले काही शब्द आहेत. जेला नदीचं नाव थंडी, हिमकण या अर्थाच्या सिकेल शब्दावरून पडलं असं सांगतात. लॅटिनमध्ये थंडीला 'गेलु' आहेच. मेसिनाचं जुनं नाव झांक्ले. तिथल्या बंदराचा आकार विळ्यासारखा, आणि सिकुली विळ्याला 'झांक्लोन' म्हणत, हे थ्युसिडिडीसने नोंदवलं. सिसिलीतल्या ग्रीकांचं 'लित्रा' हे वजन आणि लॅटिनचं 'लिब्रा' एकाच घरचे. उसनवारीसाठी सिसिलीत चालणारा 'मोइतोन' हा शब्द वारोने लॅटिनच्या 'मुतुउम'शी जोडला. वजनं, कर्ज, विळा: सिकुलींचे शब्द ग्रीकांच्या तोंडी गेले ते बाजारातून आणि शेतातून.

ग्रीक आल्यावर त्यांचं काय झालं?

जागोजागी वेगळं. सिराक्यूजच्या स्थापनेच्या वेळी, इ.स.पू. ७३३ मध्ये, कॉरिंथच्या आर्कियासने ऑर्तिजियाच्या छोट्या बेटावरून सिकुलींना हुसकून लावलं. लेओंतिनीतही लढाई करूनच त्यांना काढलं. पण काही मैलांवर मेगारा हिब्लेयाची हकिगत उलटी आहे. तिथे हिब्लोन नावाच्या सिकेल राजाने वणवण करणाऱ्या ग्रीकांना स्वतःहून जमीन दिली आणि त्यांना तिथवर घेऊन आला. वसाहतीच्या नावात त्याच्या हिब्लाचं नाव राहिलं.

सिराक्यूजच्या जमीनदारांच्या शेतांवर किलिरियोई नावाचे वेठबिगार राबत. ते बहुधा सिकुलीच. हेरोडोटस सांगतो की या वेठबिगारांनी आणि शहरातल्या सामान्य लोकांनी मिळून एकदा जमीनदारांना हाकलून दिलं. जमीनदारांना परत आणण्याच्या निमित्ताने गेलोन हा हुकूमशहा सिराक्यूजमध्ये शिरला.

ड्युकेटियस कोण होता? त्याचं नाव सगळीकडे येतं.

सिकुलींना एका झेंड्याखाली आणण्याच्या सगळ्यात जवळ पोचलेला माणूस. त्याची हकिगत डायोडोरसमुळे कळते. इ.स.पू. ४६१ मध्ये तो सिराक्यूजच्या बाजूने लढला, सिकुलींची बळकावलेली जमीन परत मिळवण्यासाठी. दोन वर्षांत त्याने मेनाइनोन, म्हणजे आजचं मिनेओ, वसवलं आणि मोर्गांतिना जिंकलं. हिब्ला सोडून सगळ्या सिकेल नगरांचा त्याने संघ बांधला. इ.स.पू. ४५३ च्या सुमारास त्याने संघाची राजधानी सपाटीवर, पालिकींच्या देवळाशेजारी हलवली.

जागेची निवड फार विचारपूर्वक होती. पालिकी हे सिकुलींचे जुळे देव. त्यांच्या देवळाजवळ तळ्यातून वायूचे बुडबुडे उसळत आणि पाणी उकळल्यासारखं दिसे. तिथे शपथा घेतल्या जात. खोटी शपथ घेणारा आंधळा होतो असा विश्वास होता. मालकाच्या छळातून पळालेल्या गुलामाला तिथे आसरा मिळे आणि त्याला हात लावायची कोणाची छाती होत नसे. सगळ्या नगरांना मान्य होईल अशी याहून दुसरी जागा नव्हती.

ड्युकेटियसने आक्रागास या ग्रीक नगराच्या आणि सिराक्यूजच्या फौजांना एकदा हरवलं. पण इ.स.पू. ४५० मध्ये नोमाई इथे त्याचा पराभव झाला, माणसं पांगली आणि उरलेले सोबती त्याला पकडून देण्याच्या बेतात आहेत हे त्याने ओळखलं. रात्रीतून एकटाच घोड्यावर निघाला आणि थेट शत्रूच्या शहरात, सिराक्यूजच्या चौकात येऊन, वेदीपाशी शरणागत म्हणून बसला. सकाळी लोक जमले. सभा भरली. त्याला मारा म्हणणारे होतेच, पण वडीलधाऱ्यांनी समजावलं की शरण आलेल्याला मारणं हा देवांचा अपराध होईल. मग लोकांनी एकमुखाने त्याला वाचवण्याचा कौल दिला. त्याला पोटगी देऊन कॉरिंथला पाठवलं गेलं, तिथून हलायचं नाही या अटीवर.

तो हललाच. देववाणी झाल्याचं सांगून परतला आणि उत्तर किनाऱ्यावर काले आक्ते ही वसाहत उभी केली. सिकुलींना पुन्हा एकत्र आणण्याची तयारी चाललेली असतानाच इ.स.पू. ४४० मध्ये आजारपणात वारला. त्यानंतर सिराक्यूजने एकेक सिकेल नगर घेतलं आणि शेवटपर्यंत न वाकलेलं त्रिनाकिये जमीनदोस्त केलं.

डीएनए अभ्यासातून काही उलगडलं का?

एक गोष्ट नक्की कळली. युरेशियाच्या गवताळ प्रदेशातल्या लोकांचा वंशभाग, जो इंडो-युरोपीय भाषांच्या प्रसाराशी बऱ्याचदा जोडला जातो, तो सिसिलीत आरंभीच्या कांस्ययुगातच, साधारण इ.स.पू. २२०० पर्यंत पोचलेला होता. हे थ्युसिडिडीसच्या तराफ्यांच्या हजार वर्षं आधीचं. तेव्हा 'सिकुली आले आणि त्यांच्यासोबत तो वंश आला' हे सोपं समीकरण चालत नाही. भाषा हाडांत सापडत नाही, हे या चर्चांत सारखं विसरलं जातं.

मग सिकुली नाहीसे कधी झाले?

नाहीसे झाले असं म्हणणं चूक ठरेल. ते ग्रीक बोलू लागले. इ.स.पू. ४१५ च्या मोहिमेत अनेक सिकेल गावं अथेन्सच्या बाजूने उभी राहिली, म्हणजे तोवर त्यांचं वेगळं राजकारण होतं. इ.स.पू. ४०३ मध्ये हेर्बिता या सिकेल नगराचा शासक आर्कोनिडीस हालाएसा हे नवं नगर वसवतो. पुढे मात्र वेगळेपण विरत गेलं.

हे विरणं नोंदवणारा लेखक योगायोगाने त्यांच्याच मुलखातला. डायोडोरस आगिरियमचा, आजच्या आजिराचा. ते जुनं सिकेल गाव. इ.स.पू. पहिल्या शतकात त्याने ४० भागांचा इतिहास लिहिला, ग्रीकमध्ये. त्यात तो म्हणतो की ग्रीकांत मिसळून बेटावरच्या लोकांनी ग्रीकांची भाषा आणि राहणी उचलली आणि अखेर आपली बोली आणि आपलं नावही बदलून सगळे सिकेलिओत झाले. जग या लेखकाला ओळखतं ते डायोडोरस सिकुलस म्हणून.

मुळाची आठवण मात्र सगळ्यांनी टाकली नाही. चेंतुरिपेत इ.स.पू. दुसऱ्या शतकातला एक ग्रीक शिलालेख सापडला. गावाचे दूत रोमला आणि रोमभोवतीच्या लॅटियम प्रदेशातल्या लानुवियमला गेले आणि लानुवियमशी असलेलं रक्ताचं नातं त्यांनी पुन्हा पक्कं केलं, अशी त्यात नोंद आहे. सिकुली लॅटियममधून आले ही कथा तोवर दोन्हीकडच्या लोकांना मान्य होती, आणि ती राजनैतिक कामाला येत होती.

प्रत्यक्ष पाहायचं असेल तर कुठे जावं?

सिराक्यूजच्या पाओलो ओर्सी प्रादेशिक पुरातत्त्व संग्रहालयापासून सुरुवात करा. पँटालिकाच्या थडग्यांतली भांडी आणि कांस्याच्या वस्तू तिथे आहेत, त्या आधी पाहिल्या तर दरीत उतरल्यावर रिकाम्या खोल्या मुक्या वाटत नाहीत. ऑसोनियन थर समजून घ्यायचे तर लिपारीच्या किल्ल्यातलं बेर्नाबो ब्रेआ यांच्या नावाचं संग्रहालय. मोर्गांतिनाच्या वस्तूंसाठी जवळच्या आइदोने गावातलं संग्रहालय. आणि पालिकींचं देऊळ होतं ती जागा मिनेओ आणि पालागोनियाच्या मध्ये रोकिचेल्ला टेकडीच्या पायथ्याशी आहे. देवळाचे अवशेष उत्खननात मोकळे झाले आहेत. पँटालिकाला उन्हाळ्यात जाणार असाल तर सकाळी लवकर निघा आणि पाणी भरपूर घ्या. दरीत उतरणं सोपं, चढण दमवते.